पडत्या काळाची बेगमी

आपल्या मराठी भाषेत ‘बेगमी’ असा एक जुना व अर्थपूर्ण शब्द आहे. मूळ फारसीत ‘बे-गम’ म्हणजे ज्यास चिंता नाही असा. त्यावरून बेगमी म्हणजे निश्चिंतता. आणि पुढे ज्या साठ्यामुळे ही निश्चिंतता प्राप्त होते त्या साठ्यासच लोक बेगमी म्हणू लागले. पावसाळ्याची बेगमी, वर्षाची बेगमी हे शब्दप्रयोग आपल्या आजीच्या तोंडी अद्यापि ऐकू येतात. परंतु पुष्कळ घरांतून शब्द तेवढा उरला असून वस्तू नाहीशी झाली आहे. आठवड्यास पाच किलो पिठाची पिशवी आणावी, संपली की पुन्हा दुकानाची पायरी चढावी, असा आपला परिपाठ झाला आहे. जोवर महिन्याच्या महिन्यास पगार हाती येतो तोवर ह्यात काही वावगे दिसत नाही. २०२० सालच्या मार्च महिन्यात देशभर टाळेबंदी पुकारली गेली, आणि एका रात्रीत लक्षावधी लोकांची मजुरी बंद पडली, तेव्हा मात्र ज्यांच्या घरी गावाकडून आलेले ज्वारीचे पोते होते ते व ज्यांच्या घरी नव्हते ते, ह्यांतील अंतर आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले.

पडता काळ म्हणजे केवळ अवर्षण नव्हे. कारखाना बंद पडणे, मिळवत्या माणसास आजार होणे, पिकाचा भाव कोसळणे, महागाई वाढणे, ही सर्व त्याचीच रूपे होत. विद्यार्थ्यांनी व पालकांनी ह्या विषयाचा एकत्र बसून विचार करावा, ह्या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

प्रथम, काळ पडतो तेव्हा माणसाच्या हातून वस्तू कोणत्या क्रमाने जातात ते पाहू. योसेफाची गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. सुबत्तेच्या सात वर्षांत त्याने मिसर देशातील धान्याचा पाचवा हिस्सा कोठारांत भरून ठेविला व त्यामुळे पुढील सात वर्षांच्या दुष्काळात देश वाचला, एवढा भाग आपण नेहमी सांगतो. परंतु उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात ह्या कथेचा पुढील भाग आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. धान्य होते, पण ते फारोच्या कोठारात होते. लोकांच्या घरी नव्हते. तेव्हा लोकांनी प्रथम आपला पैसा देऊन धान्य घेतले. पैसा संपल्यावर गुरे, मेंढरे, घोडे व गाढवे दिली. पुढील वर्षी जमिनी दिल्या, आणि त्याबरोबर स्वतःसही फारोच्या दास्यात दिले. प्राण वाचले हे खरे; पण दुष्काळ संपला तेव्हा शेतकरी आपल्याच शेतात दुसऱ्याचा कूळ झालेला होता व पिकाचा पाचवा भाग त्यास कायमचा द्यावा लागत होता.

पैसा, गुरे, जमीन, आणि शेवटी स्वतःचे श्रम हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण तो मिसरापुरता नाही. १८७६ ते १८७८ ह्या काळात दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. सोलापूर, अहमदनगर, सातारा, पुणे ह्या जिल्ह्यांत त्याचा जोर विशेष होता. त्या काळी शेतकऱ्याची पेढी म्हणजे घरातील स्त्रियांच्या अंगावरील चांदी. त्या दोन वर्षांत मुंबईच्या टांकसाळीत मोडीच्या दागिन्यांचा असा काही ओघ लागला की सरकारी अधिकाऱ्यांनी त्याची नोंद करून ठेविली. वाळे, गोठ, कडी वितळून त्यांचे रुपये झाले, आणि ते रुपये वाण्याच्या दुकानी गेले. दागिन्यांमागून बैल गेले. व बैल विकणाऱ्यास गिऱ्हाईक मिळेना, कारण सर्वांसच बैल विकावयाचे होते आणि चारा कोणापाशीच नव्हता. ह्यात बाजाराचा एक नियम दिसून येतो. पडत्या काळात धान्याचा भाव चढतो व ज्या वस्तू विकून धान्य घ्यावयाचे त्यांचा भाव त्याच वेळी उतरतो. माणूस दोन्हीकडून भरडला जातो.

ह्या नियमाचा शास्त्रशुद्ध अभ्यास आपल्याच देशातील एका विद्वानाने केला. १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडून वीस ते तीस लक्ष माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी शांतिनिकेतनात नऊ वर्षांचा एक मुलगा होता. दाराशी येणाऱ्या भुकेल्यांस, कुटुंबामागे सिगारेटचा एक लहान डबा भरून तांदूळ देण्याची त्याच्या आजोबांनी त्यास मोकळीक दिली होती. हा मुलगा म्हणजे अमर्त्य सेन. मोठेपणी त्यांनी त्या वर्षाचे आकडे तपासले, तेव्हा असे आढळून आले की १९४३ मधील बंगालचा धान्यपुरवठा मागील पाच वर्षांच्या सरासरीहून केवळ पाच टक्क्यांनी कमी होता, आणि ज्या १९४१ साली दुष्काळ नव्हता त्या सालाहून तर तो अधिकच होता. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की माणसे उपाशी मेली ती प्रांतात तांदूळ नव्हता म्हणून नव्हे, तर तो विकत घेण्याची शक्ती त्यांच्यापाशी उरली नव्हती म्हणून. युद्धामुळे व साठेबाजीमुळे भाव कित्येक पटींनी वाढले, आणि मजुरी होती तेथेच राहिली. शेतमजूर, कोळी, नाविक, कारागीर हे ज्यांची कमाई रोख पैशात होती ते अधिक संख्येने मेले. ज्यांस आपल्या श्रमाचा मोबदला धान्याच्या वाट्याने मिळत असे त्या अर्धेलीच्या शेतकऱ्यांस झळ पुष्कळ कमी लागली. १९९८ साली सेन ह्यांस अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या ठिकाणी कोणी विद्यार्थी विचारील की, असे आहे तर प्रत्येक कुटुंबाने आपले सर्व अन्न आपणच का पिकवू नये? प्रश्न रास्त आहे; त्याचे उत्तर गणिताने द्यावे हे बरे. आई, बाप व तीन मुले अशा घरास दिवसाकाठी सरासरी दोन किलो धान्य लागते असे धरू. वर्षाचे सातशे तीस किलो झाले, म्हणजे सव्वासात क्विंटलांहून किंचित अधिक. कोरडवाहू जमिनीत रब्बी ज्वारी बऱ्या वर्षी एकरी चार क्विंटलांच्या आसपास होते असे धरिल्यास केवळ भाकरीकरिता दोन एकर जमीन हवी. डाळ, तेल, कापड, औषध, शाळेचा खर्च ह्यांचा विचार त्यात आलाच नाही. शिवाय ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्याच वर्षी ते दोन एकरही दगा देतात. आपल्या शाळेत मुले पाठविणारे बहुसंख्य पालक नोकरदार, कारागीर किंवा लहान दुकानदार आहेत. त्यांच्यापाशी दोन एकर नाहीत व पुढेही येण्याचा संभव थोडा. तेव्हा संपूर्ण स्वावलंबन ही कल्पना ऐकण्यास गोड असली तरी ती बहुतेकांच्या आटोक्यातील नाही, हे प्रथम मान्य करावे.

अमेरिकेत ह्या कल्पनेचा एक मोठा प्रयोग झाला. १९२९ साली तेथील शेअरबाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत दर चार कामकरी माणसांमागे सुमारे एक बेकार झाला. त्या वर्षी अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांच्या सरकारने अडीच कोटी डॉलर बाजूस काढून बेकार कुटुंबांस घर व थोडी जमीन देण्याची योजना हाती घेतली. ह्या योजनेतील पहिली वसाहत वेस्ट व्हर्जिनिया संस्थानात आर्थरडेल येथे उभी राहिली. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट ह्यांनी तिच्यात जातीने लक्ष घातले होते. जवळच्या कोळशाच्या खाणी बंद पडल्यामुळे देशोधडीस लागलेली कुटुंबे तेथे आणली. एकंदर १६५ घरे बांधली, प्रत्येकास दोन ते पाच एकर जमीन दिली. पहिली पन्नास घरे तयार साच्यांची मागविली होती, ती उन्हाळी हवेच्या सोयीची निघाली. डोंगराळ थंडीत ती निभावेनात आणि अगोदर बांधून ठेविलेल्या पायांवर नीट बसेनात, त्यामुळे खर्च भरमसाट वाढला. पण खरी अडचण निराळीच होती. कुटुंबांनी भाज्या पिकविल्या, कोंबड्या पाळल्या, हिवाळ्यासाठी भाज्या व फळे बरण्यांत भरून ठेविली. अन्नाची ददात पुष्कळशी मिटली. परंतु घराचे हप्ते, जोडे, औषधे, दिवाबत्ती ह्यांस रोकड हवी, व ती देणारा कारखाना तेथे टिकेना. एकामागून एक उद्योग आणले व ते बंद पडले. १९४७ पर्यंत सरकारने सर्व घरे व जमिनी तोट्यात विकून अंग काढून घेतले. ह्या वसाहतीत कृष्णवर्णी कुटुंबांस प्रवेश नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्याच खाणीत त्याच काळोखात काम करणारे लोक ह्या योजनेतून वगळले गेले.

तथापि हा प्रयोग अगदीच फसला असे मला म्हणवत नाही. त्या कुटुंबांतील मुलांस घर, भाजीपाला व शाळा मिळाली, आणि पुष्कळ कुटुंबांनी सरकारकडून ती घरे विकत घेऊन तेथेच वस्ती केली. परसबागेने रोकड मिळत नाही. मात्र जी थोडी रोकड हाती असते ती लवकर संपत नाही. पडत्या काळात सहा महिने सावकाराच्या दारी न जाता काढता आले तर जमीन व दागिना वाचतो. आपल्या घरच्या बेगमीचे माप हेच ठेवावे. सहा महिने, जमल्यास एक वर्ष, एवढ्या अवधीत हात पसरण्याची पाळी येऊ नये.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. आणि त्यात धान्य साठविण्याच्या विद्येस मी पहिले स्थान देतो. ही विद्या आपल्या मुलुखात फार जुनी असून आज ती विसरत चालली आहे.

पूर्वी देशावरील गावांत जमिनीत पेव खणीत. मुरमाड, कोरडी, उंच जागा पाहून तोंडाशी अरुंद व पोटात रुंद असा खड्डा घ्यावयाचा, आतून लिंपून भाजून काढावयाचा, तळाशी व कडेने कडबा किंवा पेंढा घालून त्यात ज्वारी भरावयाची आणि तोंड बंद करून वर माती लोटावयाची. हवा आत जात नसे. धान्याबरोबर जे किडे आत जात ते उरलासुरला प्राणवायू संपवून गुदमरून मरत. म्हणून ज्वारी वर्षानुवर्षे टिके. हेच कारण माणसाच्याही जिवावर बेते. नुकतेच उघडलेल्या पेवात उतरलेला माणूस आतल्या दूषित हवेने तात्काळ बेशुद्ध पडतो व त्यास काढण्यास गेलेला दुसराही त्याच्यावर पडतो. जाणती माणसे पेव उघडून बराच वेळ मोकळे ठेवीत, दोरीने पेटता दिवा आत सोडीत, आणि दिवा विझला तर कोणासही उतरू देत नसत. रसायनशास्त्राच्या तासास कर्बवायूचा प्रयोग पाहिलेल्या विद्यार्थ्यांस ह्याचे मर्म सहज कळेल. बियाण्याची ज्वारी पेवात ठेवीत नसत. ते दाणे खाण्यास चालत, पण त्यांची उगवण बिघडे. बियाणे निराळे, राखेत कालवून मडक्यात किंवा सुक्या भोपळ्यात, नाहीतर कणसे तशीच चुलीवरच्या धुरात टांगून राखीत.

आज पेव कोणी खणणार नाही, आणि खणावे असेही माझे म्हणणे नाही. त्यामागील तत्त्वे दोन, कोरडेपणा व बंद हवा, ती मात्र पत्र्याच्या पिंपातही पाळता येतात. रब्बी ज्वारी फाल्गुनाच्या सुमारास बाजारात येते, पाठोपाठ गहू येतो. भाव त्या वेळी सामान्यतः उतरलेले असतात. धान्य घेऊन चैत्र-वैशाखाच्या उन्हात दोन-तीन दिवस पसरावे. दाणा दाताखाली धरला असता कट्‌कन आवाज होऊन फुटला पाहिजे. नुसता दबला तर आणखी ऊन द्यावे. धान्यात शंभरात दहा-अकरा भागांहून कमी ओलावा राहिला तर सोंडकिड्यांची वाढ मंदावते. ऊन दिलेले धान्य गरम असताना पिंपात भरू नये. रात्रभर सावलीत निवू द्यावे; नाहीतर झाकणाच्या आतून घाम सुटतो व वरचा थर बुरसतो. ही एक चूक पुष्कळ घरांत होते आणि दोष मात्र वाण्याच्या धान्यास दिला जातो. पिंप थेट फरशीवर किंवा भिंतीस चिकटून न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावे. दोनशे लिटरच्या पिंपात सुमारे दीडशे किलो गहू मावतो. तेव्हा वर उल्लेखिलेल्या घरास वर्षाकरिता पाच पिंपे लागतील. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबास दरमहा माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला. ज्या घरी हे धान्य नियमित येते तेथे तीनच पिंपे पुरतील.

सोंडकिडा दाण्यास बारीक छिद्र पाडून आत अंडे घालतो व छिद्र बुजवून टाकतो, म्हणून बाहेरून निर्मळ दिसणाऱ्या धान्यातही कीड असू शकते. गोवरीची चाळलेली राख धान्यास चोळण्याची आपल्या आजीची रीत अडाणीपणाची नव्हती. राखेच्या सूक्ष्म कणांनी किड्याच्या अंगावरील मेणचट थर खरवडला जातो व त्याच्या शरीरातील पाणी उडून तो वाळून मरतो. कडधान्यांवरचा भुंगा निराळा. तो दाण्याच्या सालीवर अंडी चिकटवितो. अख्ख्या तुरीपेक्षा डाळ करून ठेविली असता तो कमी लागतो, आणि किलोस चार-पाच मिलिलिटर एरंडेल चोळले तर अंडी तग धरीत नाहीत. शिजविण्यापूर्वी धुतले की तेल निघून जाते. कडुनिंबाचा पाला घालावयाचा तर तो सावलीत पुरता वाळलेला असावा. ओला पाला घालणे म्हणजे आपण होऊन ओलावा आत नेणे. येथे पालकांस एक गोष्ट निक्षून सांगतो. बाजारात धान्यात टाकण्याच्या विषारी गोळ्या मिळतात, त्यांस अॅल्युमिनियम फॉस्फाईड म्हणतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून सुटणारा वायू किड्यांप्रमाणेच निजलेल्या मुलांसही मारतो. राहत्या घरात त्या कधीही आणू नयेत.

धान्याबरोबर वाळवणाचाही मान ठेवावा. सांडगे, कुरडया, बाजरीच्या खारोड्या, खानदेशातील बिबड्या, कोकणातील आमसुले व आंबोशी, मीठ लावून गोळे केलेली चिंच, वाळविलेली गवार व मेथी ह्या वस्तू श्रावणात भाजी महाग झाली म्हणजे घर तारतात. ह्यांस लागते ते मुख्यतः ऊन, आणि ते आपल्या देशात अद्यापि फुकट मिळते.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. चाळीस चौरस मीटरच्या पत्र्यावर पाचशे मिलिमीटर पाऊस, म्हणजे पर्जन्यछायेतील तालुक्यास साधारण पडेल इतका, धरला तर वीस हजार लिटर होतात; पाचवा हिस्सा वाया गेला तरी सोळा हजार उरतात. पाच माणसांस पिण्यास व स्वयंपाकास रोज पंचवीस लिटर पुरे झाले, तर पाच हजार लिटरची एक टाकी दोनशे दिवस चालेल. नोव्हेंबरच्या मध्यावर भरलेली टाकी जूनच्या आरंभापर्यंत पुरते. पहिल्या एकदोन सरींचे पाणी सोडून द्यावे, टाकी झाकलेली असावी, व पिण्याचे पाणी उकळून घ्यावे.

परसबागेविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिजविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. पाच माणसांच्या घरास दोनशे चौरस मीटर म्हणजे जवळजवळ दोन गुंठे जागा असावी असे साधारणतः सांगितले जाते. एवढी जागा ज्याच्यापाशी नसेल त्याने शेवगा, कढीपत्ता व पपई ही तीन झाडे आधी लावावी आणि मोरीच्या पाण्यावर अळू व एक केळ वाढवावी. शेवग्याची हातभर लांबीची फांदी पावसाळ्याच्या आरंभी रोविली तरी ती जगते. त्याच्या शेंगा तर आपण खातोच, पण पाल्याची भाजी ही अ जीवनसत्त्वाची व लोहाची खाण आहे. मेथी, माठ, चवळी ह्या पालेभाज्या महिन्याभरात ताटात येतात. न पेरता उगवणारा तांदुळजा, घोळ, टाकळा ह्यांची ओळख मुलांस करून द्यावी. लाखेच्या डाळीविषयी मात्र सावध असावे. अवर्षणातही तग धरते म्हणून ती दुष्काळी पीक ठरली. परंतु दुसरे अन्न नसता महिनोन्‌महिने तिजवरच राहिलेल्या माणसांचे पाय कायमचे लुळे पडतात.

कोंबड्या पाळाव्या की नाही, हे खरकटे किती उरते त्यावर ठरवावे. कोंबडीस दिवसास शंभरांहून अधिक ग्रॅम खाद्य लागते, म्हणजे वर्षास सुमारे चाळीस किलो. गावरान कोंबडी तितक्या काळात साठ-सत्तर अंडी देते. सर्व दाणे विकत घेऊन घातले तर व्यवहार तोट्याचा होतो. अंगणात चरून, किडे टिपून व खरकट्यावर वाढली तर तीच अंडी जवळजवळ फुकट पडतात. शेळीचेही तसेच. धाराशिवकडची उस्मानाबादी शेळी काटक असून तिला पुष्कळदा जुळी करडे होतात. परंतु अवर्षणाची चिन्हे दिसू लागताच, सर्वांच्या आधी, जास्तीची जनावरे विकावी. माघ-फाल्गुनात विकणारा व वैशाखात विकणारा ह्यांच्या हाती पडणाऱ्या रकमेत किती अंतर असते ते कोणाही खाटकास विचारावे. मागे टांकसाळीच्या प्रसंगी सांगितलेला नियम येथे लागू पडतो.

आता जी गोष्ट मला शिक्षक ह्या नात्याने सर्वांत अधिक जिव्हाळ्याची वाटते तिजकडे येतो. घराची ओढाताण सुरू झाली म्हणजे पालक पहिली काटछाट कोठे करितात? हजेरीपट चाळणाऱ्या शिक्षकास ते सांगावे लागत नाही. प्रथम शिकवणी बंद होते, मग बसचा पास; मग मूल आठवड्यातून दोन दिवस कामास जाऊ लागते, आणि पुढील जूनमध्ये त्याचे नाव पटावर नसते. मुलगा व मुलगी दोघेही शिकत असतील तर आधी मुलीचे नाव कमी होते. घर सावरल्यावर गेलेले दागिने कित्येकदा पुन्हा घडविले जातात, शेळ्याही पुन्हा येतात. परंतु दोन वर्षे शाळा सुटलेली पंधरा वर्षांची मुलगी पुन्हा आठवीच्या बाकावर येऊन बसल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. म्हणून माझी पालकांस अशी विनंती आहे की बेगमीची यादी करिताना गहू, ज्वारी, तूर ह्यांच्या वर, पहिल्या ओळीत, मुलांच्या एका वर्षाच्या शिक्षणाचा खर्च लिहावा. आणि ती रक्कम पोस्टाच्या निराळ्या खात्यात, मुलांच्या डोळ्यांदेखत ठेवावी. मुलांनीही घरची स्थिती जाणून घ्यावी. घरात किती पैसा आहे हे मुलांपासून लपविण्याची आपली रीत मला पसंत नाही. चौदा वर्षांच्या मुलास घरच्या कर्जाचा आकडा ठाऊक असला तर तो नव्या भ्रमणध्वनीचा हट्ट धरील हे मला संभवनीय वाटत नाही.

कर्जाविषयीही हाच स्पष्टपणा असावा. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने लुटून कर्जरोखे व वह्या जाळल्या. १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा हे त्याचे फळ. हातातील कागदावर काय लिहिले आहे हे अंगठा उठविणाऱ्यास वाचता येत नव्हते, हे त्या उद्रेकाचे एक मोठे कारण होते. आज आपली मुले वाचू शकतात. वस्तू हप्त्याने घेण्यापूर्वी करारपत्रातील व्याजाची ओळ घरातील शाळकरी मुलाने मोठ्याने वाचून दाखवावी आणि एकूण किती रुपये जातील ते त्रैराशिकाने काढावे.

कोणी असा आक्षेप घेईल की प्रत्येक जण घरात साठा करू लागला तर बाजारात टंचाई होऊन गरिबाचे हाल वाढतील. बंगालचा दाखला मीच वर दिला असल्याने आक्षेप टाळता येत नाही. माझ्या मते भेद वेळेचा व मापाचा आहे. सुगी झाल्यावर, माल मुबलक असता, घरास लागेल तेवढे घेणे ही बेगमी. त्याने भाव चढत नाहीत, उलट पुढे टंचाईच्या महिन्यांत बाजारातील एक गिऱ्हाईक कमी होते. श्रावणात भाव चढू लागलेले पाहून धावत जाऊन दहा पोती आणणे ही साठेबाजी. तिने शेजाऱ्याच्या तोंडचा घास जातो. शिवाय एकट्याने करण्यापेक्षा चार-पाच घरांनी मिळून शेतकऱ्याकडून थेट धान्य घेतले तर आडत व वाहतूक दोन्ही वाचतात, आणि ज्याच्यापाशी एकरकमी पैसा नाही अशा पाचव्या घरास आपल्या बरोबर घेता येते.

वयोवृद्धांस विचारण्यासारखेही पुष्कळ आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लोक खडी फोडण्याच्या व पाझर तलावांच्या कामांवर गेले. मे १९७३ मध्ये त्यांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोहोचली होती. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी व कामावर वाटली जाणारी सुकडी ह्यांची चव ज्यांच्या तोंडास आहे अशी माणसे अद्यापि हयात आहेत. त्या वर्षी घरात काय होते, आधी काय विकले, उसने कोणी दिले, हे त्यांच्याकडून ऐकून वहीत लिहून ठेवावे.

आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांकरिता उन्हाळी सुटीचे काम पुढीलप्रमाणे आहे. सलग सात दिवस घरी वापरलेले पीठ, तांदूळ व डाळ रोज तोलून लिहावी व त्यावरून वर्षाची गरज काढावी. घराच्या छपराची लांबी-रुंदी मोजून आपल्या तालुक्याच्या सरासरी पावसाने त्यास गुणावे. चाळीतील विद्यार्थ्यांनी छपराऐवजी घरातील सर्व भांडी मिळून किती पाणी साठते ते मोजावे. ज्यांच्या घरी तराजू नसेल त्यांस शाळेच्या प्रयोगशाळेतील काटा आठवड्याकरिता नेता येईल. त्याकरिता पालकांच्या सहीची चिठ्ठी आणावी.